सलूनमधल्या अर्ध्या गोष्टी

प्रिय टकळे,

सगळ्यात आधी आली ती वरच्या मजल्यावरची नर्सबाई, आणि तिला तर कुणी बोलावलंही नव्हतं. खाली मोटार थांबलेली पाहिली, तिच्यातून काळ्या पेट्या उतरताना पाहिल्या, आणि हिला वाटलं माझंच काहीतरी बरंवाईट झालं. ब्लडप्रेशरचं मशीन काखेत मारून धावत खाली. मी आपली पावडर लावून, ठेवणीतले कपडे घालून दारात उभी. म्हटलं, बाई गं, मी ठणठणीत आहे, माझ्या नातीवर फिल्म काढतायत, ती माणसं आलीत. तरी तिने माझा दंड धरून मशीन लावलंच. प्रेशर वाढलेलं निघालं. निघणारच! तुझ्यासारखी नात नाव काढते तेव्हा आजीचं काय कमी व्हायचं असतं का? मग ती जी बसली ती शेवटपर्यंत हलली नाही. बिस्किटंही निम्मी तिनेच संपवली.

आलेली माणसं दोनच. मुलाखत घेणारी एक बाई, आणि एक कॅमेरावाला. बाईचे केस बारीक कापलेले, मानेवर इतके सुरेख उतरवलेले की मी नमस्काराआधी तिची मानच पाहिली. जन्म गेला सलूनवाल्याच्या घरात, सवय कुठे जाते? कॅमेरावाल्याचं मात्र बघवत नव्हतं. डोक्यावर नुसतं रान. तुझे आजोबा असते तर त्याला आधी खुर्चीत बसवलं असतं आणि मग विचारलं असतं, बोला, काय काम काढलंत.

बाईने पहिलाच प्रश्न टाकला, आजी, हिच्यात हे लिखाण आलं कुठून? घरात पुस्तकं होती का? मला हसूच आलं. म्हटलं, पुस्तकं कसली, घरात टॉवेल होते. धुवायचे टॉवेल, वाळणारे टॉवेल, घडी घालायचे टॉवेल. मी स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, हे शिक्षण किती उपयोगी पडतं ते या पत्रात तुला दिसतंच आहे. पण मग मी तिला खरं ते सांगितलं. लपवायचं काय त्यात?

सांगितलं, की ही पोर शाळेतून आली की सलूनमध्ये आरशाखालच्या फळीपाशी स्टूल टाकून बसायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आलं, की माणूस बोलायला लागतो. का कोण जाणे. हात कापडाखाली अडकतात म्हणून तोंड सुटत असेल. आणि बोलतो तोही समोर आरशात बघून, म्हणजे स्वतःलाच सांगितल्यासारखा. पण तुझ्या आजोबांचा हात चपळ. गोष्ट ऐन रंगात आली की इकडे केस कापून संपायचे. कापड झटकलं, पुढचा या. मग उरलेली गोष्ट महिन्याने, ती पण त्या माणसाला आठवली तर. तुला कुठला महिनाभर दम निघायला? तू रात्री जेवताना तीच गोष्ट पुढे सांगायचीस. कुणाच्या बायकोने पुढे काय केलं, कुणाच्या मुलाची नोकरी कशी सुटली. घास हातात धरून सांगायचीस. हे म्हणायचे, अगं टकळे, जेव आधी, आणि स्वतः मात्र हात थांबवून ऐकायचे.

घड्याळजींचा किस्सा सांगितला तेव्हा तर नर्सबाईच्या नाकातून चहा आला. तुला आठवत असेल, तरी मला सांगू दे, मला सांगायला आवडतो. नाक्यावर घड्याळं दुरुस्त करणारे ते गृहस्थ. त्यांचा भाऊ भांडून बोटीवर नोकरीला गेला, इथपर्यंत गोष्ट आली आणि केस संपले. रात्री तू ती बोट बुडवलीस. वादळ काय, लाटा काय, भावाच्या हातातून सुटलेली फळी काय. मी रडले. महिन्याने घड्याळजी दाढीला आले, एका गालाची झाली, आणि हे हळूच म्हणाले, तुमच्या भावाचं फार वाईट झालं हो. खरं कुठलं आणि तुझं कुठलं, यांच्या डोक्यात सगळं एक झालेलं. घड्याळजी तसेच उठले. एका गालाला साबण, गळ्यात कापड, भर बाजारातून टेलिफोनच्या दुकानापर्यंत पळाले. आम्ही दोघं इथे दाराकडे बघत बसलोय की आता हा माणूस येऊन आपलं दुकान फोडणार. तर घड्याळजी आले परत, डोळे लाल, खुर्चीत बसले आणि म्हणाले, चांगला जिवंत आहे, इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून शिव्या घातल्यान् मला, काय बरं वाटलं सांगू. करा आता दुसरा गाल.

मुलाखतवाली बाई म्हणाली, आजी, म्हणजे ही लहानपणापासूनच कादंबरीकार होती. म्हटलं छे, मध्ये बिघडली होती. हसू नकोस, खरं तेच बोलले. शहरात गेलीस, छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका तपासायच्या आणि उरलेल्या वेळात लिहायचं, आणि मनात एकच, मोठ्या लोकांनी मला मोठं म्हटलं पाहिजे. ती पहिली कादंबरी. बंगला, पियानो, गच्चीवर उभी राहून उसासे टाकणारी ती बाई. मी बोटाने एकेक ओळ धरून सबंध वाचली, तुझं नाव पुठ्ठ्यावर आहे म्हणून वाचली. पण तेव्हाही तुला म्हटलं होतं, एवढा मोठा बंगला आणि अख्ख्या पुस्तकात कुणी एकदाही केर काढत नाही? तू किती रागावलीस! आठ दिवस फोन नाही. पुस्तक चाललं नाही, तू वाळून काडी झालीस, आणि त्या थंडीत घरी येऊन, यांच्या माघारी बंद पडलेल्या सलूनमध्ये जाऊन बसलीस. आजोबांच्या खुर्चीत, आरशाकडे पाठ करून, मांडीवर फळी. मी चहा ठेवायला यायचे तर तुला पत्ता नसायचा. तेव्हाच मी ओळखलं, आता ही कुणाला दाखवायला लिहीत नाहीये. दुसऱ्या कादंबरीत केर काढलेला आहे, केसांचा केर, कोपऱ्यातून कुंच्याने ओढून काढलेला. ते पान मी नर्सबाईला दोनदा वाचून दाखवलंय. तुला मोठं बक्षीस मिळालं ते त्याच पानाचं, असं माझं मत आहे. परीक्षक काही का म्हणेनात.

आता तुझ्या बापाचं. फोनवर त्याचं नाव काढलं की तू विचारतेस, आजी तुझे गुडघे कसे आहेत. म्हणून तर कागद घेतला. कागदाला गुडघे विचारता येत नाहीत, पुढचं वाचावंच लागतं.

त्या दिवशी त्याला सुट्टी होती. माणसं यायची हे त्याला माहीत होतं, म्हणून सकाळपासूनच, मला बाहेर काम आहे, मला बाहेर काम आहे, असं चाललं होतं. दुसरी कादंबरी आल्यापासून तो कसा झालाय ते तुला मी वेगळं काय सांगू. त्यातला तो मुलगा, नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी बापाच्या सलूनमध्ये केस न कापता बाजारातल्या महागड्या दुकानात जाऊन कापून येतो, तो कोण हे त्याच्या अख्ख्या ऑफिसने ओळखलं. माझ्या मुलीने मला चव्हाट्यावर आणलं, म्हणाला, आणि तुझं नाव घेणं सोडलं. पुस्तकाला हात लावणार नाही म्हणाला. आणि तू गेल्या महिन्यात मला काय म्हणालीस? आजी, मी नवीन कादंबरी अर्ध्यावर सोडली, मी लिहिलं की घरातलं कुणीतरी दुखावतं, आता बास. त्या दिवसापासून माझा चहा कपातच निवत होता गं. तू रागावून लिहिणं सोडलं असतंस तर मी तुला चार शब्द सुनावले असते. तू मायेपोटी सोडलंस, तिथे मी काय बोलू?

तर तुझा बाप बूट घालून निघाला. दारापर्यंत गेला. इकडे मी त्या बाईला सांगत होते की सलूनची खुर्ची आम्ही जुन्या बाजारातून घेतली. तो दारातूनच म्हणाला, आई, खुर्ची नवी होती. म्हटलं, जुनी होती. म्हणाला, आई, मी बाबांबरोबर आणायला गेलो होतो, कागदात गुंडाळलेली होती, तुला काय माहीत. आणि बूट घालूनच आत आला. मी म्हटलं, बूट! तर म्हणाला, राहू दे गं. सलूनची किल्ली कुठे, तर त्याच्याच खिशात! घरातून सलूनमध्ये जायचं दार उघडलं, खुर्चीवरची चादर काढली, पायाने दांडा दाबून खुर्ची वर घेतली, खाली घेतली. कॅमेरावाल्याला म्हणाला, बसा हो, बघा कशी लोण्यासारखी फिरते. तो रानटी डोक्याचा माणूस बसला. आणि तुझ्या बापाने खांद्यावर टॉवेल टाकला. मी आरशात पाहिलं तर हुबेहूब हेच उभे.

मग तो बोलायला लागला. आरशात बघून. नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी बाहेरून केस कापून आलो, म्हणाला. लाज वाटायची मला, न्हाव्याचा मुलगा म्हणतील म्हणून. जेवताना बाबांनी माझ्या मानेकडे पाहिलं. डाव्या बाजूची रेघ वाकडी उतरली होती. मला म्हणाले, बस. इथे, याच खुर्चीत. कोमट पाण्याने मान पुसली, वस्तरा घेतला आणि रेघ सरळ केली. मग मानेवर फुंकर मारली आणि म्हणाले, जा आता, कुणी नाव ठेवणार नाही.

मुलाखतवाली बाई हळूच म्हणाली, कादंबरीत अगदी असंच आहे, शब्दन् शब्द. तर तुझा बाप तिच्याकडे वळून ताठ मानेने म्हणाला, असणारच. घडलं तसंच लिहिलंय तिने. माझी मुलगी आहे, उगाच काही लिहिणार नाही.

टकळे, अगं, घडलंच नाही तसं. मी होते ना त्या जेवणाला. मानेची रेघ यांनी पाहिली, एवढंच खरं. हात जरासा उचलला गेला, आणि मग त्याच हाताने यांनी पाण्याचा पेला घेतला. तो विषय दोघांनीही जन्मात काढला नाही. टॉवेलच्या घड्या घालता घालता मी तुला सांगितलं होतं ते हे असं, इथेच संपणारं. बस म्हणणं तुझं, कोमट पाणी तुझं, फुंकर तुझी. जे तुझ्या आजोबांना जमलं नाही ते तू त्यांच्या हातून करवून घेतलंस. आणि ज्याने पुस्तकाला हात लावणार नाही म्हटलं होतं, त्याने ते कधी वाचलं, किती वेळा वाचलं, की त्याला स्वतःलाच तसं आठवायला लागलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. नर्सबाई डोळे पुसत होती. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी कप गोळा केले. बोलून काय करायचं होतं? माझ्या मुलाची मान सरळ झालेली मला दिसत होती.

ती माणसं कॅमेरा बंद करायला लागली तर तुझा बापच म्हणाला, थांबा, असं एकट्याचं काय घेता, ती पण हवी ना. परत या, तिला बोलावतो. बोलावतो म्हणाला खरं, पण मोटार गेल्यापासून फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो. काल सलूनच्या भिंतीला रंग आणला. आज मला म्हणाला, आई, तिला विचार ना, जमेल का. आणि ते नवीन लिखाण इथे बसून पुरं करायचं असेल तर खुर्चीमागे दिवा लावून देतो, तिथे उजेड कमी आहे म्हणावं. अगं, त्यात तो स्वतः असला तरी चालेल म्हणाला, फक्त या वेळी ऑफिसचं नाव बदल. म्हणून हे पत्र. सोडलेले कागद बॅगेत तळाला घालू नकोस, वर ठेव, चुरगळतील. आणि एक दिवस आधीच ये, दार त्याला उघडू दे, मी मुद्दाम वर नर्सबाईकडे जाऊन बसेन. ती मंडळी येत्या रविवारी सकाळी परत येतो म्हणून गेलीत.

तुझ्या नावाने कॉलर ताठ करून फिरणारी,
तुझीच आजी