शांताक्काचा गळा

कळंब, दि. ३ ऑगस्ट २०२५

श्रीयेडेश्वरीचरणरजःकण, आराधीमंडळशिरोमणी, प्रतिसप्ताह-त्रिवार-डायलिसिस-दीक्षिता, अखंड-आज्ञाप्रदायिनी तीर्थस्वरूप शांताक्का यांचे चरणी कनिष्ठ बंधू, संस्कृताध्यापक गौरीशंकर याचे शि. सा. न. वि. वि.

खोकल्याच्या एका उबळीने आपली बरगडी मोडल्याचे वृत्त कळले. चार वर्षे एस.टी.ने धाराशिवला जाऊन सुया टोचून घेता, आणि कण्हण्याचा मात्र आपल्याला कंटाळा! मी स्तिमित आहे. अस्थिबलवर्धनार्थ दर रविवारी किलोभर भूमचा खवा धाडतोच आहे. निष्ठेने सेवन व्हावे.

लोभ खव्यासारखा आटून घट्ट व्हावा, ही प्रार्थना.

आज्ञाधारक,
गौरीशंकर

येरमाळा, ता. १० ऑगस्ट

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

खवा बंद कर. दूधदुभतं किती खाता, असं डॉक्टरांनी विचारलं. तुझी माया किलोत सांगितली, तर त्यांनी कपाळाला हात लावला. किडनी बंद असली की दुधातलं फॉस्फरस रक्तात साठतं, त्यानं गळ्यातल्या चार ग्रंथी चवताळतात अन् हाडातलं कॅल्शियम ओढून काढतात म्हणे. ज्वारीएवढ्या असायच्या त्या माझ्या बोराएवढ्या झाल्यात. एकट्या तुझ्या खव्यानं न्हाय झालं, लई मनाला लावून घेऊ नको.

आता त्या ग्रंथी गोळ्यांना दाद देईनात, काढाव्याच लागतील. शेजारूनच आवाजाची नस जाते. तीस वर्षं आराधी मंडळात देवीपुढं गायले. आवाज गेला तर मी कशाची शांताक्का? पण हाडंच न्हाय राहिली तर देवीपुढं उभी कशी राहू? म्हणून हो म्हणाले. १८ तारखेला सोलापूरला ऑपरेशन आहे. रडायला न्हाय, सोबतीला ये.

माया आहे तशीच राहू दे.

शांताक्का

कळंब, दि. ३१ ऑगस्ट

ती. अक्कांचे चरणी खवापराधी गौरीशंकरचे शि. सा. न.

आपण सुखरूप घरी पोहोचल्याचे कळले. शुद्धीवर येताच आपण मला नाक पुसण्याची आज्ञा केलीत, ती शेजारच्या दोन्ही वॉर्डांनी ऐकली. इतका सुरेल अपमान माझा आजवर झाला नव्हता. पुढे भुकेली हाडे रक्तातले कॅल्शियम गिळू लागली, ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या; तरी सलाइन चालू असता आपण शेजारच्या खाटेवरच्या बाईंना देवीचे गाणे शिकवीत होतात! धैर्याची व्याख्या मी वीस वर्षे फळ्यावर लिहितो. उदाहरण प्रथमच पाहिले.

या अपराध्यावरील लोभ न आटावा.

गौरीशंकर

ता. क. वॉर्डाच्या दारात माझ्या चपलांची अदलाबदल झाली. हाती आलेल्या दोन्ही डाव्या पायाच्या आहेत. तेथील मावशी म्हणाल्या, दोन्ही उजव्या घातलेला इसम येईपर्यंत थांबा. तो अद्याप आलेला नाही.