कपाटातलं कुटुंब

५ जून
मंडळाच्या नाटकातली पात्रं आज ठरली. नाटक युद्धातलं, गाण्यांचं. बॉम्ब पडतायत आणि पियानो दुरुस्त करणारा एक बाप मुलींना घेऊन तळघरात गातोय. बाप मीच, यात मला शंका नव्हती. डायरेक्टरबाईंनी तो साडूला दिला. साडू दातांचा डॉक्टर. आजवर लोकांना आ करायला लावला, आता स्वतः करणार.
मला शत्रूचा शिपाई. घराची झडती घ्यायची, हे सगळे लपलेत त्या कपाटापुढे जरा थांबायचं आणि निघून जायचं. संवाद नाही. भूमिका छोटी पण महत्त्वाची म्हणे. हसून हो म्हटलं. उट्टं काढणार.

१२ जून
नाटकातली धाकटी मुलगी झालीय माझी लेक. तालमीत साडूच्या गळ्यात पडून त्याला बाबा म्हणते. बाई तोच सीन परत परत घेतात. बायको म्हणाली, नाटक आहे ते. बहिणीच्या नवऱ्याची बाजू घेणारच ती.
आजपासून रियाज. साडू आजारी पडला तर आपली तयारी हवी.

१९ जून
रियाज बंद. घसा बसला. शेजाऱ्यांनी दार वाजवलं त्याचा याच्याशी संबंध नाही.
साडूला आग्रह करकरून बर्फाचं सरबत पाजलं. त्याचा आवाज आणखी मोकळा झाला.

२८ जून
प्लॅन सुचला. पहिल्या प्रयोगाला मी कपाट उघडणार. कुटुंब सापडलं की नाटक तिथेच खलास. साडूचं शेवटचं गाणं गेलं खड्ड्यात. आणि माझं चुकलं काय? झडती म्हणजे झडती.

४ जुलै, सकाळ
आज प्रयोग. मी एकदम शांत. दाढी करताना कापलं ते ब्लेड जुनं होतं म्हणून.

५ जुलै
उघडलं. आत साडू पांढराफटक. बघून जिवाला गार वाटलं. मग त्याला बिलगलेली लेक दिसली. माझ्याकडे बघून ती हळूच बाबा म्हणाली. खरंच घाबरली होती.
दार लावलं आणि निघून आलो. बिजागरी कुरकुरत होती म्हणून, बाकी काही नाही.
शिपायाला दया आली असं समजून लोक रडले. साडूच्या शेवटच्या गाण्याला सगळं थिएटर उभं राहिलं.

७ जुलै
बाईंचा फोन. कपाट उघडणं आता कायम. कल्पना माझी, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सीन एवढा मोठा झालाय तर तिथे खरा नट हवा. शिपाई बँकेच्या मॅनेजरला दिला. मी पडदा ओढायचा. बायको म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. पडदा भलत्या वेळी पडू शकतो हे तिच्या लक्षात आलेलं नाही.
जेवताना लेकीनं विचारलं, बाबा, तू आम्हाला खरंच पकडायला आला होतास ना? मी म्हटलं, छे, तो अभिनय होता. ती म्हणाली, तुला अभिनय येत नाही. आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.
पडद्याची दोरी कुठल्या बाजूला असते ते उद्या विचारून घेतो.