सरळ केलेली भिंत

प्रिय हातिम,

'प्रिय' लिहिलंय ते हाताच्या सवयीने. मनात आलेला पहिला शब्द निराळाच होता, पण हे पत्र सफवतच्या हातून जाणार, घरची लक्तरं वेशीवर नकोत. फोनवर तुझ्याशी बोलावं तर मी 'भिंत' म्हटलं की तुझी लाइन तुटते. दुबईत गल्लोगल्ली टॉवर, आणि रेंज जाते ती नेमकी सख्ख्या बहिणीच्या फोनला! म्हणून लिहितेय. सफवत आज संध्याकाळच्या विमानाने निघतोय. शेजारच्या इस्मतमावशीचा हा जावई वरून गरीब दिसतो, पण हट्टी आहे. तुझं वाचून होईपर्यंत तुझ्या दारातून हलायचं नाही, असं मी त्याला बजावलंय.

दुकानात तुझ्या खुर्चीत आता मी बसते. पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, आणि भाड्याने द्यायच्या घरांचे फोटो. अलेक्झांड्रियात खोली काडेपेटीएवढी असली तरी जाहिरातीत दिवाणखाना दिसली पाहिजे, म्हणून रुंद लेन्स. आणि रुंद लेन्स म्हटली की कडेची दारं-खिडक्या धनुष्यासारखी वाकणार, मग बसा कॉम्प्युटरवर ती सरळ करत. हे सगळं तूच शिकवलंस. फोटोवर रेघांची जाळी आणायची, पट्टीवरचं बटण हळूहळू सरकवायचं, भिंत जाळीच्या रेघेला टेकली की थांबायचं. "ताई, गिऱ्हाईक भिंत बघत नाही, रेघ बघतं," असं म्हणून किती हसायचास! मीही हसायचे. आता ते वाक्य आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट विसरला असशील तर आठवण करून देते. जिन्याकडच्या भिंतीला पोट सुटलंय, अशी हाकाटी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावरच्या लबीबसाहेबांनी केली. इमारतीचे इंजिनियर कैरोला असतात. ते म्हणाले, भिंतीची कड दिसेल असा एक चांगला फोटो पाठवा, बघून सांगतो. फोटोवाला घरातलाच, मग काय! सगळ्या बिऱ्हाडांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. गल्ली इतकी अरुंद की रुंद लेन्सशिवाय इमारत मावेचना. तू फोटो काढलास, 'नीट' केलास, पाठवलास. इंजिनियर म्हणाले, भिंत तर ठीक दिसते, घाई नाही. आईने रव्याचा गोड बसबूसा करून सगळ्या मजल्यांवर वाटला. वर लबीबसाहेबांना जिन्यात गाठून म्हणाली, "काय हो, समुद्राचं वारं लागून डोळे गेले वाटतं तुमचे? बघा माझ्या लेकाचा फोटो!" ते बिचारे खजील होऊन हसले. त्याच आठवड्यात तू विमानात बसलास, आणि फोटो चौकटीत बसून आईच्या पलंगासमोर लागला.

आता पुढचं ऐक, जे तू फोनवर ऐकत नाहीस. ईद झाल्यापासून आईच्या खोलीचं दार लागेनासं झालं. कांदा हातातून निसटला की आपसूक भिंतीकडे घरंगळत जातो. परवा जिन्यात गिलाव्याचा मोठा तुकडा पडला, तेव्हा इंजिनियर स्वतः आले. गच्चीवरून ओळंबा सोडला आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, आजच्या आज उतरा, सामानाचं नंतर बघू. लबीबसाहेब गेले, इस्मतमावशी गेली, तळमजल्यावरचा इस्त्रीवालाही गेला. आई तेवढी बसून आहे. "माझ्या हातिमच्या फोटोत भिंत सरळ आहे. दोरीला वजन बांधून माझ्या लेकाला खोटं पाडणारे हे कोण लागून गेले?" मी ओरडले, रडले, पाया पडले. बाई ढिम्म हलत नाही. परवापासून मीही तिच्याजवळच राहतेय.

काल दुकानात जाऊन तो फोटो मी कॉम्प्युटरवर उघडला. मूळ फोटो आत तसाच राहतो आणि आपण केलेले फेरफार वेगळे दिसतात, हेही तूच शिकवलेलं. आधी वाटलं, सवयीने झालं असेल. वाकडं दिसलं की सरळ करायचं, याच कामाची भाकरी खातो आपण. पण हातिम, यादीतून लेन्सचं नाव निवडलंस तेव्हाच कॉम्प्युटरने लेन्सचा सगळा बाक काढून टाकला होता. गल्लीतला दिव्याचा खांब तेवढ्यावरच ताठ उभा राहिला. भिंतीचं पोट मात्र होतं तसंच होतं. म्हणजे तो दोष लेन्सचा नव्हताच, भिंतीचाच होता! तरी तू हाताने पट्टी आणखी सरकवलीस, भिंत रेघेला टेकेपर्यंत. भिंत सरळ झाली आणि बिचारा खांब वाकला. मग काय केलंस? खांबच कापून टाकलास! अरे मेल्या, हे डोळ्यांवर कातडं ओढून होत नाही, डोळे उघडे ठेवूनच करावं लागतं. इंजिनियर तेव्हाच 'उतरा' म्हणाले असते, तर एकुलत्या एका मुलाला आईसाठी घर शोधत फिरावं लागलं असतं आणि दुबई राहिली असती. हेच ना? नसेल तर मला शिव्या दे, मी आनंदाने खाईन.

मूळ फोटो छापून आईपुढे धरला. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाली, "मशीनमध्ये घालून तू वाकडी केलीस ही. तुला मला तुझ्या घरी न्यायचंय ना, म्हणून." घ्या! डॉक्टरकडे नेणारी मी, तिच्यासाठी सिलिंडर वर चढवून आणणारी मी, थोरलीही मीच. पण गल्लीत ती 'उम्म हातिम', हातिमची आई. थोरल्या मुलीच्या नावाने इथे आईला कोण हाक मारतंय? सरळ ती हातिमची, वाकडी ती नाहिदची. तिच्यावर रागवायचं म्हटलं तर तिच्या औषधाची वेळ झालेली असते आणि मी पाण्याचा पेला आणायला उठते. त्यामुळे तिच्या वाटणीचा रागही तुलाच.

आज सकाळी ती मलूखियाची पातळ पालेभाजी करत होती. लसणाची फोडणी ओतताना दचकल्यासारखा मोठा श्वास घ्यायचा, नाहीतर भाजीला चव येत नाही, हे तिचं ठरलेलं. लहानपणी तू तिची नक्कल करायचास आणि चमच्याचा मार खायचास. भिंतीत कुठेतरी कट्कन वाजलं आणि आईने अगदी तसाच श्वास घेतला. मी पाहिलं, फोडणी अजून गॅसवरच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने ती पातेल्यात ओतली. तिला सगळं माहीत आहे, हातिम. उशीवर पडलेली गिलाव्याची भुकटी ती मी उठायच्या आत झटकून टाकते. पण जिना उतरली तर अख्ख्या गल्लीसमोर तिचा लेक खोटा ठरतो, आणि त्यापेक्षा तिला त्या भिंतीखाली बसणं परवडतं. म्हणून हे पत्र. मला तुझी माफी नको, पैसे नकोत, आणि 'ताई, तूच बघ ना' हे तर मुळीच नको. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. सफवत दारात उभा आहे तोवर आईला फोन लाव आणि स्वतःच्या तोंडाने सांग, "आई, भिंत वाकडीच होती, मी सरळ करून दाखवली." एवढंच. तिचा लेक खरं बोलला की ती लेकाचं ऐकून उतरेल, ताठ मानेने उतरेल. तिच्या औषधांची पिशवी भरून मी दाराशी ठेवली आहे. ती उतरेपर्यंत मीही उतरणार नाही. आत्ता तिच्याच पलंगावर बसून लिहितेय, पाठीला ती भिंत आहे आणि समोर तुझा फोटो. फोटोत अजून सगळं सरळ आहे.

फोन वाजेपर्यंत तरी तुझीच,
नाहिद