सहाण आणि तिच्याकडे जाणारी आठ फूट वाट

मी, मनिषा खंडू वासावे, वय २७ वर्षे, शिक्षण बी. ए., राहणार कांदळवाडी, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या उजव्या हाताने लिहीत आहे. डावा हात मशीनला जोडलेला आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी भुलवलेले नाही की धमकावलेले नाही. धमकावणारे आहेत, पण त्यांना माझ्याकडून वेगळाच कागद हवा होता. त्याबद्दल शेवटच्या कलमात लिहिले आहे.

जुलै २०२१ पासून माझी दोन्ही मूत्रपिंडे काम करत नाहीत. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मी डायलिसिसला येते. आईची किडनी तिच्या मधुमेहामुळे घेता आली नाही. भावाची मी घेतली नाही. तो समुद्रावर जातो. आता हृदयही थकले आहे. मी विचारले म्हणून डॉक्टरांनी ते सरळ सांगितले, त्याबद्दल त्यांचे आभार. त्यामुळे हे आताच लिहून ठेवते.

कलम १. मी ख्रिस्ती आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मी बाप्तिस्मा घेतला. नाव बदललेले नाही. वाडीत ‘पोरीला बाटवली’ असे म्हणतात, म्हणून जे झाले ते लिहून ठेवते.

पहिल्या महिन्यांत मशीन सुरू झाले की मला हुडहुडी भरायची आणि मी समोरच्या घड्याळाकडे बघत बसायची. वॉर्डात कमळाबाई नावाच्या आया आहेत. त्या माझ्या पायांवर आपली शाल टाकत आणि स्टुलावर बसून शास्त्रातली एखादी गोष्ट सांगत. एकदा त्यांनी सांगितले की, येशूला धरून नेले तेव्हा त्याचे सोबती पळून गेले. एकाने तर तीनदा सांगितले, मी ह्याला ओळखत नाही. पुढे, तो मरून पुन्हा उठल्यावर, तेच सोबती रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतत होते, तर किनाऱ्यावर हा विस्तव करून बसलेला. मासळी भाजून ठेवलेली. त्याने त्यांना जेवायला बोलावले.

मी विचारले, “आधी माफी मागायला लावली असेल ना?”

कमळाबाई म्हणाल्या, “नाही गं बाळा. आधी जेवण.”

मी खारव्याची मुलगी आहे. रिकामे जाळे घेऊन आलेला माणूस कसा दिसतो हे मला माहीत आहे. तो घरात कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. अशा माणसाला, तोही आपल्याला सोडून पळालेला, जो आधी जेवायला बसवतो त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही असे मला वाटले. त्या दिवशी मशीनवर मला पहिल्यांदा झोप लागली. नंतरही लागत गेली. माझ्या धर्मांतराचे कारण कोणाला हवे असेल तर ते हे आहे. पैसे, नोकरी, औषध यांपैकी काही मिळाले नाही. शालसुद्धा परत केली.

बाबा तेव्हा होते. त्यांना ही गोष्ट सांगितली, आणि जाळे उजव्या बाजूला टाका असे येशूने सांगितल्याचेही सांगितले. बाबा म्हणाले, “मासळीला उजवं डावं कसलं? त्याला दर्यातलं काय कळत नाय.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण भाजून ठेवलेली म्हणतेस? मग माणूस बरा आसल.”

मी बरी झाले नाही. कमळाबाईंनी तसे वचन कधी दिलेही नव्हते. एका बाहेरच्या प्रचारकांनी मात्र माझ्या उशाशी उभे राहून सांगितले की तुझा विश्वास पूर्ण असता तर हे मशीन लागले नसते. माझी डायलिसिसची संपूर्ण फाइल मी त्या प्रचारकांना देते. साडेतीनशेहून अधिक नोंदी आहेत. त्यांनी प्रत्येक पान वाचावे आणि कोणत्या दिवशी माझा विश्वास कमी पडला ते समासात लिहावे.

कलम २. माझा देह रत्नागिरीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरावा. पाळकांशी बोलणे झाले आहे. आमच्यासारख्या वाळीत टाकलेल्या घराला खांदेकरी मिळत नाहीत, म्हणून ही सोय आधीच केली. त्यातून वाडीतले कोणी आले तर त्यांना खांदा देऊ द्यावा. कोण आले, कोण नाही, हे कोणी लिहून ठेवू नये. आईला माझ्या तोंडात तुळशीचे पान ठेवायचे असेल तर माझ्या मंडळीतील कोणीही तिला अडवू नये. तिने मला येशूपासून कधी अडवलेले नाही.

कलम ३. कांदळवाडीतील राहते घर, पुढचे अंगण आणि मागची जागा माझ्या नावावर आहे. २०२१ च्या वादळात छप्पर गेले तेव्हा मदतीच्या अर्जासाठी मी सातबारा काढला. तो आमच्या घरात प्रथमच कोणीतरी वाचला. त्यावर अजून आजोबांचेच नाव होते. वारसनोंदीसाठी मी तलाठी कार्यालयात अकरा खेपा घातल्या. नोंद झाल्यावर बाबांनी जागा मला बक्षीसपत्राने दिली आणि होडी माझ्या भावाला, सोहमला. सोहम म्हणाला, “पोरीला जागा?” बाबा म्हणाले, “जिनं वाचली तिची.” पुढच्या वर्षी बाबा गेले.

हे घर व अंगण मी माझी आई श्रीमती भागूबाई खंडू वासावे हिला पूर्ण मालकीने देते. तिच्यानंतर माझा भाऊ सोहम याला.

कलम ४. हे कलम सर्वांनी नीट वाचावे.

आमच्या अंगणाच्या मागे, समुद्राच्या बाजूला, चिऱ्याचा एक चौथरा आहे. तीच सहाण. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरून शेवटी तिथे टेकते. ती गावाची जागा आहे असे सगळे धरून चालतात, आम्हीही धरून चाललो होतो. सातबारा वाचल्यावर कळले की ती आमच्याच गटात आहे. आजोबांच्या आजोबांनी तोंडी दिली असेल. कागदावर कधी दिलेली नाही.

बाप्तिस्म्याची बातमी वाडीत मीच सांगितली. गावकीचे अध्यक्ष धोंडूकाका, बाबांचे चुलतभाऊ, म्हणाले, “गुपचूप जायचंस गो. आम्ही काय बघायला येत होतो?” त्यांना मी म्हटले, काका, जे लपवावे लागते ते मला नको. जानेवारी २०२४ मध्ये गावकीने आमचे घर वाळीत टाकले. मासळीच्या टेम्पोत आईची पाटी घेईनात. सोहमच्या होडीवर खलाशी येईनात. आमच्या पडवीत मी वाडीच्या मुलांचा वर्ग घेत असे, तो बंद झाला. वाडीतल्याच सुलेमानचाचांनी सोहमला आपल्या होडीवर घेतले. त्यांच्या पत्नी मैमुनाचाची आईला बाजारात आपल्या शेजारी बसवतात.

पण आईला लागले ते वेगळेच. त्या शिमग्यात तिने अंगण सारवले, ओटीचे ताट घेऊन दारात उभी राहिली आणि पालखी शेजारच्या घरापासूनच वळली. सहाणेकडे जायला आमच्या अंगणाखेरीज वाट नाही. म्हणून धोंडूकाकांनी पालखी खाली पुळणीवर उतरवली आणि खडकांवरून फिरवली. भरती लागली होती. भोई गुडघाभर पाण्यात अडकले. आई मागच्या दारातून ओरडली, “अरे हितून या. राग माझ्यावर धरा, तिला कशाला भिजवताय?” कोणी आले नाही. पालखीची झालर भिजली. तशीच ती सहाणेवर टेकवली, म्हणजे ज्या घराचे अंगण त्यांना चालत नव्हते त्याच घराच्या जमिनीवर. आई आठ दिवस धड जेवली नाही. मला वाळीत टाकले ते तिने सोसले. देवी दारावरून परत गेली ते तिला सोसले नाही.

मी कायद्याप्रमाणे बहिष्काराविरुद्ध तक्रार लिहिली. आईने ती तांदळाच्या डब्यात ठेवली. म्हणाली, “पोलीस पालखी आणून देतील काय गो?”

सोहमने दुसरा मार्ग काढला. सिमेंटचे बारा खांब आणि काटेरी तार आणून टाकली. म्हणाला, “जागा तुझी. सहाणेला कुंपण घाल. मग बघू पालखी कुठं टेकवतात.” मी पंधरा दिवस त्यावर विचार केला. खोटे लिहिणार नाही, पंधरा दिवस मला ती कल्पना फार आवडली. धोंडूकाका कुंपणापाशी उभे आहेत असे मी मशीनवर पडल्या पडल्या बघत होते.

मग मला ती भाजलेली मासळी आठवली. त्याने विस्तवाभोवती कुंपण घातले नव्हते.

म्हणून मी सहाणेचा चौथरा व त्याभोवतीचा एक गुंठा ग्रामदेवी देवस्थान, कांदळवाडी यांना कायमचा देते. सोबत तिथे जाणारी वाटही देते: गल्लीपासून आमच्या अंगणातून, तुळशीच्या उजव्या बाजूने, आठ फूट रुंद. नकाशा जोडला आहे. मी कोणतीही अट घालत नाही. माफी मागत नाही आणि मागायलाही लावत नाही. सहाणेला कागदोपत्री ही एकच वाट राहील. देवीला माझ्या आईच्या दारावरून न्यायचे की पुन्हा भरतीत उतरवायचे, हे गावकीने दर शिमग्याला सर्वांदेखत ठरवावे.

कलम ५. सोहमचे बारा खांब आईला. त्यांवर बांगडे सुकवायच्या दोऱ्या बांधाव्यात. काटेरी तार भंगारात द्यावी. सोहमने ती ‘असू दे, लागेल’ म्हणून ठेवू नये.

माझा फळा, पुस्तके आणि पदवीचे प्रमाणपत्र पडवीतच राहू द्यावे. वाडीतल्या ज्या मुलाला बसून वाचायचे असेल त्याला आईने बसू द्यावे, धोंडूकाकांच्या घरचे असले तरी.

कमळाबाईंना माझी नवी शाल.

मैमुनाचाचींना मला माझी बिडाची कढई द्यायची होती. परंतु त्यांचे यजमान साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराच्या पत्नीला काही देणे टाळावे असे वकीलबाईंनी सांगितले. हे ऐकून चाची म्हणाल्या, “मग ह्यांना साक्षीतून काढ. ह्यांची सही कोणाला वाचता येते?” कढई आईकडे राहील. चाचींनी ती हवी तेव्हा उसनी न्यावी आणि परत करायला विसरावे.

कलम ६. या मृत्युपत्राचा अंमल सोहमने करावा. रागात असताना करू नये. माझे निधन शिमग्याआधी झाल्यास त्याने हे पालखी निघण्यापूर्वी देवळासमोर मोठ्याने वाचावे. तो वाचताना अडखळतो, लोकांनी थांबावे.

कलम ७. गेल्या आठवड्यात धोंडूकाकांनी एक टाइप केलेला माफीनामा पाठवला. ‘मी चर्चमध्ये जाणे सोडले असून झाल्या चुकीबद्दल गावाची माफी मागते.’ खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली आहे. सही केली तर यंदा पालखी आईच्या दारी येईल, असा निरोप होता. आईने तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी म्हटले, आये, मी सही करू? ती म्हणाली, “तुला येशूपाशी झोप लागते ना? मग नको करू.”

मृत्युपत्राचे हे शेवटचे पान मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहीत आहे. पुढच्या बाजूची जागा कोरी आहे. गावकीला माझी सही हवी होती. ती या बाजूला आहे.

खाडाखोडीबाबत खुलासा: काल हे सर्व आईला वाचून दाखवले. कलम ४ मध्ये वाटेची रुंदी मी सहा फूट लिहिली होती. आई म्हणाली, “सहा पुरायची नाय गो. आपल्या अंगणात पालखी नाचवतात.” म्हणून सहा खोडून आठ केले आहे. खाडाखोड माझी असून बाजूला माझी सही आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

सही: मनिषा खंडू वासावे

आम्हां दोघांसमक्ष मनिषाने सही केली आणि तिच्यासमक्ष आम्ही केली. सही करताना तिचा हात स्थिर होता.

साक्षीदार १: सुलेमान इब्राहिम सोलकर, वय ६६, तांडेल, राहणार कांदळवाडी
साक्षीदार २: चिराग अनंत शिवलकर, वय ३१, डायलिसिस तंत्रज्ञ, राहणार रत्नागिरी

ठिकाण: डायलिसिस विभाग, खाट क्रमांक ४, रत्नागिरी
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५, सोमवार