रंगवलेली भिंत

ती. ताई हिस,
शिरसाष्टांग नमस्कार. माझी प्रकृती ठीक असून जेवण वेळेवर होते. तुझे गुडघे कसे आहेत?

मन मात्र संतापले आहे. काल महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांचे प्रदर्शन होते. प्रयोगशाळेमागच्या भिंतीवरील दगडफुलांची वाढ मोजून हवेची शुद्धता ठरवण्याचा प्रकल्प तुझ्या भावजयीने आपल्या विद्यार्थिनींना दिला होता. ती गेल्यावरही मुलींनी तो नेटाने चालवला. मी साहित्य शिकवणारा. तरी मोजपट्टी धरायला जात असे. पाहुणे येणार म्हणून प्राचार्यांनी नेमकी तीच भिंत खरवडून रंगवून घेतली! संशोधनाच्या कौतुकासाठी संशोधनच पुसून टाकायचे, याला काय म्हणावे?

मी जाब विचारला, तर म्हणाले, "अहो सर, शेवाळ होतं ते! पाहुण्यांपुढे शोभा झाली असती आपली."

प्रदर्शन पाहत त्या भिंतीपाशी आल्यावर पाहुण्यांनी मुलींना विचारले, "तुमची दगडफुलं कुठायत?"

एकीने शांतपणे उत्तर दिले, "प्राचार्य सर टेकलेत ना, तिथंच. रंगाखाली."

सगळे हसले. प्राचार्यही हसले, आणि त्याचाच मला अधिक राग आला. त्याच तिरीमिरीत घरी आलो, दार उघडले आणि झाला प्रकार सांगण्यासाठी हिला मोठ्याने हाक मारली.

मग बराच वेळ बूटही न काढता उभा होतो. आता सांगायला तूच आहेस, म्हणून हे लिहिले. चार ओळींचे उत्तर धाड. त्यात मला रागावलीस तरी चालेल.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा भाऊ