पडद्यामागचा आकडा

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही, कारण संध्याकाळी माझा फोन कोण उघडून बघतं हे तुला माहीत आहे. आत्ता दुपार आहे. तुझे बाबा आतल्या खोलीत पडलेत आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहिते आहे. बसले की खुर्ची करकरते.

मागे तू म्हणालीस की आई, तू येतेस ती परक्या पाहुणीसारखी, बूड टेकलं न टेकलं की उठतेस. पिल्लू मांडीवर असतं आणि तुझे डोळे दाराकडे. तुला वाटलं, जावईबापू मला अजून पसंत नाहीत. तसं काही नाही गं. त्याच्या हातची भाजी तुझ्यापेक्षा बरी असते, हे त्याला सांगू नकोस. खरं कारण आपल्या म्हातारीत होतं, म्हणजे गाडीत.

तू लहान असताना बाबा रोज संध्याकाळी गाडीत बसून किल्ली अर्धी फिरवायचे. तू म्हणायचीस, बाबा पेट्रोल बघतात. ते पेट्रोल नाही, आकडा बघायचे. गाडी आजवर एकूण किती किलोमीटर चालली, तो आकडा. बाजार किती, दवाखाना किती, आत्याकडे किती, सगळं त्यांना तोंडपाठ. जरा जास्त निघाले तर ओरडायचे नाहीत. जेवताना शांतपणे म्हणायचे, आज लांबचा रस्ता घेतलास वाटतं. त्या ‘वाटतं’नंतर मी दुसरी पोळी घ्यायची नाही. त्यांनी कधी हात उगारला नाही, माझं औषध एक दिवस चुकू दिलं नाही. मग कुणाला काय सांगणार? लोक म्हणाले असते, नशीबवान आहेस, किती काळजी घेतात.

तू तुझ्या मनासारखं लग्न केलंस आणि या घरात तुझं नाव काढायची बंदी झाली. त्याच वर्षी गाडीची मीटरंही म्हातारपणाला लागली. टाकी अर्धी असली तरी काटा भरलेली दाखवायचा. इंजिनाच्या तापमानाचा काटा खाली लोळत पडलेला. आणि आकड्यांचा तो इवलासा पडदा एकेक रेघ गाळायला लागला. आठाचा तीन दिसायचा, तिनाचा सात. मग एक दिवस तो पूर्ण काळा झाला. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं, सगळं मीटरच बदलावं लागेल आणि इतक्या जुन्या गाडीचं आता मिळत नाही. त्याच सुमारास बाबांचा गुडघा आखडला, क्लच दाबवेना. गाडी पूर्णपणे माझ्याच हातात आली. आता त्यांना विचारावं लागायचं आणि विचारलं की खोटं बोलता यायचं. आकड्याला मात्र कधी खोटं बोलायला शिकवता आलं नव्हतं.

म्हणून मी तुझ्याकडे येऊ लागले. पहिल्यांदा दारात उभी राहिले तेव्हा माझे हात थरथरत होते आणि तू शाल आणायला धावलीस. ती थंडी नव्हती.

गेल्या वेळी तुझ्याकडून परत निघाले आणि मधल्या चढावर बोनेटमधून भसाभस वाफ यायला लागली. काटा तसाच खाली, सगळं थंडगार असल्याची ग्वाही देत. मी खाली उतरून रेडिएटरचं झाकण उघडायला गेले तर एक ट्रकवाला जिवाच्या आकांताने ओरडला, म्हणून हात भाजायचा वाचला. इंजिन निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी होते. फोन वाजत होता, बाबांचाच; घेतला नाही. घेतला असता तर ट्रकांचा आवाज त्यांना ऐकू गेला असता. घरी येऊन सांगितलं, बाजारात गर्दी होती. बाबा काठी टेकत खाली आले, बोनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, बाजारातून येताना एवढी तापली? मग म्हणाले, सगळी मीटरं दुरुस्त करून घे, एकूण एक. माणूसही त्यांनीच शोधला.

तो माणूस बॅटरीच्या दुकानामागे एका खोलीत बसतो. सगळे त्याला मीटरमास्तर म्हणतात. भारी बोलका. मी गाडी घेऊन गेले तर डॅशबोर्डमधून मीटरची पेटी काढता काढता त्याने मला स्वतःच्या तीन साडूंची भांडणं ऐकवली. मग वाटीत गरम पाणी घेतलं, त्यात तापमानाचा नवा सेन्सर बुडवला आणि काटा वर चढताना दाखवला. पेट्रोलच्या काट्याचा टाका सुटला होता, तो कथिलाचा डाग देऊन पक्का केला. पडद्याचं म्हणाला, पडदा चांगला आहे, मागची रिबनसारखी पट्टी सुटली आहे, गरम करून चिकटवली की झालं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मग आकडा जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू होईल ना? तो हसला. म्हणाला, “थांबला कुठे? आकडा आतल्या चिपमध्ये असतो. दिसत नव्हता इतकंच, मोजणं चालूच होतं.”

ठमे, कळतंय ना? तुझ्याकडे केलेली एकेक फेरी आत जमा होऊन बसली होती. बाबांना शेवटचा आकडा पाठ होता. मी मास्तरांना विचारलं, मागे घेता येईल का. ते म्हणाले, करणारे आहेत, मी करत नाही. गाडी विकायची आहे का? मी नाही म्हटलं. मग कुणाला फसवायचं आहे, असं त्यांनी विचारलं नाही, पण हातातली पेटी खाली ठेवली. हळूच म्हणाले, “पडदा तसाच ठेवू का? सांगतो, पट्टी मिळाली नाही.” मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला बाबा माझ्याबरोबर आले. नको म्हणायला कारण सापडलं नाही. गाडीत बसले, किल्ली फिरवली, पेट्रोलचा काटा उठला आणि पडदा काळाच. मास्तरांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, पण माणसाला खोटं जमत नव्हतं. बोलताना सारखा कानामागे हात जात होता. बाबांना माणसातलं खोटं लगेच वास येऊन कळतं. ते मास्तरांना बोलायला लागले. कामचुकार म्हणाले, लबाड म्हणाले, शेजारचा बॅटरीवाला बाहेर येऊन बघायला लागला. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. एका शब्दाने त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. आणि मला एकदम वाटलं, हे आपण ऐकून घ्यायचं, की आणखी एका माणसाला आपल्यासारखंच मान खाली घालायला लावायचं? मी म्हटलं, “पट्टी आहे त्यांच्याकडे. मीच नको म्हटलं होतं. मास्तर, लावा.”

काम व्हायला फार वेळ लागला नाही, पण मला तो सरता सरेना. बाबा स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते. मी पट्टी चिकटवणाऱ्या, इस्त्रीसारख्या तापलेल्या पात्याकडे बघत होते. मीटर परत बसवलं, किल्ली फिरली आणि सगळे आकडे लख्ख उभे राहिले. बाबांनी दोनदा वाचले. ओठ हलत होते, वजाबाकी चालली होती.

“कुठे जात होतीस?”

“लेकीकडे. आणि नातीकडे.”

नात हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं ते इतकंच, किती वेळा? मी म्हटलं, समोर लिहिलंय.

घरी येताना गाडी मीच चालवली. उतरल्यावर त्यांनी किल्ली घेऊन खिशात टाकली. काल त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून ती मला परत द्यावी लागली. परत आल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी दिली नाही. इतक्या वर्षांत त्यांचा पुढे केलेला हात मी पहिल्यांदा रिकामा ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. गाडी तुझ्या आजोबांनी माझ्या नावावर केली होती, हे मी त्यांना आठवण करून दिलं. मग ते तुला बोलले होते तेच मला बोलले. जायचं तर जा, परत यायचं नाही. तुला बोलले तेव्हा आवाज चढला होता. माझ्या वेळी शांत होता. मला वाटतं, त्यांना खात्री आहे की मी जाणार नाही.

आतून कूस बदलल्याचा आवाज आला. लिहायची थांबले होते. बाबा झोपले परत.

तर हे लिहिण्याचं कारण. रविवारी सकाळी ते जागे असताना, त्यांच्या समोरून मी निघणार आहे. तू किंवा जावईबापू न्यायला येऊ नका, मी चालवत येईन. इथे त्यांच्या जेवणाची आणि औषधांची सोय आत्यांशी बोलून लावली आहे. त्या रडल्या, पण अडवलं नाही. पुढचं मला माहीत नाही. महिनाभराने बाबा फोन करतील की कधीच नाही, मी परत जाईन की नाही, यातलं काहीच आत्ता विचारू नकोस. फक्त तुझ्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेव. खालचा चालेल. वरचे पिल्लूच्या कपड्यांना लागतील.

वाटेला लागलेली तुझीच,
आई