निळा खडा कुणी ठेवायचा

१४ नोव्हेंबर, गुरुवार

निळा मला! चार रंग चौघांनी उचलले, उरलेला माझ्या हातावर टेकवला. विचारलंसुद्धा नाही.

पिरनवाडीच्या प्लॉटवर सोमवारी भूमिपूजन. भटजींनी पाच खड्यांची पुडी दिलीय. जागेच्या चार कोपऱ्यांत चार पुरायचे, मधे एक. घरातल्या माणसांनी एकेक. आम्ही पाचच — धाकटा भाऊ परशराम, त्याची बायको मंगल, त्यांचा आदर्श, आई आणि मी. तांबडा जोराचा, कर्त्या माणसाचा — परशरामानं घेतला. हिरवा भरभराटीचा — मंगलनं लगेच मुठीत धरला. पिवळा पुढच्या पिढीचा — आदर्शला. पांढरा शांतीचा — आईला. निळा शनीचा! घराची पीडा अंगावर घेणारा.

"आक्का, कुणीतरी ठेवायलाच पायजे की," मंगल म्हणाली.

कुणीतरी म्हणजे मीच का गं? नवऱ्याचं घर सोडून आले त्याला एकोणीस वर्षं झाली. काकतीच्या या घरात भाकऱ्या मी थापते, म्हशीची धार मी काढते. नव्या घरात पहिल्याच दिवशी मला पीडेचा कोपरा! म्हणजे पुढं तिथं माझी जागा काय असणार, कळलंच की.

१५ नोव्हेंबर

जेवले नाही. कुणी विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बोलले! परशराम टीव्हीसमोर बसलेला. म्हटलं, "निळा मी ठेवणार न्हाय. भटजीला सांग, शनीला दुसरं गिऱ्हाईक बघ म्हणून." आदर्श फिसकन हसला. परशराम म्हणाला, "आक्का, काचंचे खडे हैत गं ते. लई मनावर घेऊ नको." म्हटलं, "काचंचा हाय तर तूच घे की!" — त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. तांबडा सोडवेना त्याला.

मग आईच पुढं झाली. "आण तो इकडं. आता मला कसली पीडा धरतीया?" निळा तिनं घेतला, पांढरा मला दिला.

जिंकले मी. पण आईच्या सुकलेल्या हातावर तो निळा बघवेना. परत दे म्हणायला मात्र जीभ उचलली नाही. तेही खरं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

झालं पूजन. रवळू गवंड्यानं खड्डे काढून ठेवले होते. आईला वाकता येईना, मी कमरेला धरलं. माझा पांढरा ईशान्येला. हळदकुंकू वाहिलं, हातानंच माती लोटली. डोळ्यांना पाणी आलं — पदरानं टिपलं, कुणी बघायच्या आत. एवढ्या वर्षांत माझ्या नावानं काहीतरी जमिनीत गेलं! मंगलनं माझ्या तोंडात पेढा घातला. उगीच वाईट लिहिलं तिच्याबद्दल, असं वाटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दोन बस बदलून प्लॉटवर गेले, रवळूला भाकरी द्यायला. चुन्याच्या रेघा मारत होता. हा हॉल, हे देवघर, ही परशरामदादांची खोली, ही आदर्शची. म्हटलं, "आमची कुठली रं? आईची नि माझी?" तो खालीच बघायला लागला. "तुमी दोघी काकतीतच ऱ्हाणार न्हवं, आक्का? दादा तसंच म्हणालते."

घरी येऊन आईला विचारलं. म्हणाली, "मला ठावं हुतं."

आणि मी रंगावर भांडत बसले!

परशरामाला दारातच अडवलं. "सोमवारी पाया खोदायला घेणार तुमी. रविवारी दिवस मावळायच्या आत मला तोंडावर सांग — त्या घरात मी हाय का न्हाय?"